दारापर्यंत

पडघ्यात राहणाऱ्याला विजेचा प्रवास समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-नाशिक महामार्गाने भिवंडी मागे टाकून आमच्या बाजूला आलात, की आभाळात लोखंडी मनोऱ्यांच्या रांगा दिसू लागतात. चंद्रपूरहून निघालेली उच्चदाबाची डी.सी. वाहिनी आमच्या पडघे केंद्रात येऊन थांबते. १९९९ सालापासून ती चालू आहे. क्षमता दीड हजार मेगावॉट, अंतर सुमारे साडेसातशे किलोमीटर. कोळसा तिकडे विदर्भात जळतो आणि पंखा इकडे मुंबईत फिरतो, तो या वाटेने.

साडेसातशे किलोमीटर वीज आणण्याचे तंत्र आपल्याला साधले. पण ऐरोलीहून पडघ्यापर्यंत, म्हणजे फार तर चाळीस किलोमीटर, एका चोवीस वर्षांच्या मुलीला रात्री साडेदहानंतर घरी कसे आणायचे, हा प्रश्न आमच्या गावात गेल्या पावसाळ्यात चार महिने अडून बसला होता. या लेखाला निमित्त ती मुलगी आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितल्याने तिचा काही फायदा होणार नाही, झाला तर तोटाच होईल.

मुलगी संगणक अभियंता. ऐरोलीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर आहे. पहिले वर्षभर सकाळची पाळी होती, तेव्हा सगळे सुरळीत होते. सकाळी लवकर पडघ्याहून कल्याण, कल्याणहून लोकलने ठाणे, ठाण्याहून वाशीच्या गाडीने ऐरोली. येताना तेच उलट. दमत असे, पण चालत होते. मग परदेशी गिऱ्हाइकाच्या वेळेप्रमाणे दुपारची पाळी आली, ती रात्री साडेदहाला सुटते. कंपनीची मोटार आहे, पण तिला हद्द आहे. मोटार कल्याण स्टेशनापर्यंत सोडते. पुढे बापगाववरून पडघ्यापर्यंतचा रस्ता कंपनीच्या नकाशात नाही.

म्हणून वडील मोटारसायकल घेऊन सव्वाअकराला स्टेशनाबाहेर उभे राहू लागले. गृहस्थ एका गोदामात सुपरवायझर आहेत, सकाळी सातला त्यांची हजेरी असते. घरी पोचून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेबारा. पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की गांधारी पुलाचा भरवसा नसतो, मग दूरचा फेरा. जुलैतल्या अशाच एका रात्री खड्ड्यात चाक गेले आणि दोघे पडली. मुलीला खरचटण्यावर निभावले. वडिलांचे मनगट मोडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची आई माझ्याकडे आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. खुर्चीत न बसता उंबऱ्याशीच टेकली आणि म्हणाली, "बाई, हिला सांगा नोकरी सोडायला. आमचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

तुमचं ऐकेल, हे शब्द मला लागले. कारण एकदा हिने माझे ऐकले होते.

मी तीसएक वर्षे गणित शिकवले. १९९३ साली ही मुलगी दहावीला होती. गणितात दीडशेपैकी एकशे बेचाळीस गुण. भूमितीची प्रमेये ती पुस्तकातल्यापेक्षा एक पायरी कमी घेऊन सोडवायची आणि मग, हे चालेल ना बाई, असे विचारायची. निकालानंतर वडिलांबरोबर ती माझ्याकडे आली. तिला तंत्रनिकेतनात संगणकाची पदविका करायची होती. संगणक हा शब्द तेव्हा आमच्याकडे पेपरातच वाचायला मिळे. वडिलांनी विचारले, बाई, काय करू? मी म्हटले, रोजचा तेवढा प्रवास, वर्गात सगळी मुले, प्रयोगशाळेत संध्याकाळ होणार, त्यापेक्षा डी.एड. करू द्या, मुलीच्या जातीला शिक्षकी पेशा बरा, सुट्ट्या असतात, स्थळही चांगले मिळते.

मुलगी शेजारी उभी होती. तिला मी काहीच विचारले नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर तिचे वाटोळे वगैरे झाले नाही. तिने डी.एड. केले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, आदिवासी पाड्यावरच्या पोरांना तिने वजाबाकी शिकवली आणि उत्तम शिकवली. पगार आहे, मान आहे. पण माझ्या त्या सल्ल्यात वाईट हेतू मुळीच नव्हता, हीच त्यातली खोच आहे. मी तिला कमी लेखले नव्हते. मला तिची काळजी होती. अडवणारा माणूस दुष्ट असला तर त्याच्याशी भांडता येते, पण काळजी करणाऱ्याशी भांडायचे कसे?

आपल्याकडचा इतिहास मी पुन्हा चाळून पाहिला, तेव्हा हीच काळजी जागोजागी भेटली. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करत्या झाल्या. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले, त्यामुळे आपल्याला प्रवेश मिळेल यात त्यांना शंकाही आली नसावी. संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळालेला माणूस. त्यांनी बाई आहे म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन ठाकल्या आणि कारण सांगा म्हणाल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक म्हणतील तितक्या उशिरापर्यंत काम करायचे आणि आपल्यामुळे संस्थेतले वातावरण बिघडू द्यायचे नाही. म्हणजे मुलांचे लक्ष विचलित झाले तर दोष हिचा. वर्षभराने काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. १९९७ साली, म्हणजे चौसष्ट वर्षांनी, मुंबईच्या महिला वैज्ञानिकांनी त्यांचा सत्कार केला, तेव्हाही त्यांनी तो बोलून दाखवला. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, त्याच बंगळूरच्या संस्थेत संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. टेल्कोची जाहिरात सूचना फलकावर लागली. खाली ओळ होती, की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. पुण्याला मुलाखतीचे बोलावणे आले आणि नोकरी मिळाली. ही गोष्ट आपण पोस्टकार्डाचे कौतुक करत सांगतो, आणि कौतुक करावे असेच ते कार्ड आहे. पण जाहिरातीत ती ओळ घालणारे कारकून किंवा अधिकारी कोण होते? ते स्त्रीद्वेष्टे नसावेत. कारखान्याच्या आवारात तीन पाळ्यांत पुरुषांबरोबर मुलगी कशी वावरेल, या काळजीनेच त्यांनी ती ओळ घातली असणार. ते माझे समविचारी होते, असेच म्हटले पाहिजे.

ती ओळ आता कुठल्या जाहिरातीत छापता येत नाही. पण ती पुसली गेली का?

मोठ्या शहरांतून आणि परदेशांतून जो वाद ऐकू येतो, त्याचा सूर वेगळा आहे. २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत गूगलच्या जेम्स डॅमोर नावाच्या अभियंत्याचे एक टिपण गाजले. त्याचा मथितार्थ असा, की तंत्रज्ञानात स्त्रिया कमी दिसतात याचे कारण निव्वळ भेदभाव नाही, स्त्री-पुरुषांच्या उपजत आवडीनिवडीतही फरक आहेत. कंपनीने त्याला काढले आणि मग जगभर रणे माजली. त्याच वर्षी उबर कंपनीतल्या सुझन फाउलर या अभियंता मुलीने तेथला छळ जाहीरपणे मांडला आणि त्यातून उठलेल्या वादळात काही महिन्यांनी कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरात त्याच लाटेचे पाणी आले.

उपजत आवडीच्या या युक्तिवादाबद्दल गणिताची शिक्षिका म्हणून दोन शब्द. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक नावाचा अवाढव्य संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याला गणिते करायला लावणाऱ्या सहा जणी होत्या. त्या काळी यंत्र बनवणे हे पुरुषाचे काम समजत आणि त्याला आज्ञा लिहून देणे हे बायकांचे, म्हणजे कमी प्रतीचे. प्रात्यक्षिकानंतरच्या मेजवानीला त्या सहा जणींना बोलावलेसुद्धा नाही. पुढे याच आज्ञा लिहिण्याला पैसा आणि मान आला, तशी ती पुरुषाची उपजत आवड ठरली! अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत १९८४ च्या सुमारास मुली सदतीस टक्के होत्या, पुढच्या पंचवीसएक वर्षांत त्या अठरा टक्क्यांवर आल्या. स्त्रीचा स्वभाव पंचवीस वर्षांत निम्मा होत नाही. निम्मे काही झालेच असेल तर दुसरे काहीतरी झाले.

आपल्याकडे तर हा प्रश्न त्या रूपात नाहीच. आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्त्रिया आहेत. पुण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ साली केवळ मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, तेव्हा इतक्या मुली येणार कुठून, असे विचारणारे होते. आज विचारून पाहा. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशांत मुलींना तीस टक्के जागा राखीव आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. आमच्या भागातल्या कुणबी, आगरी आणि कोकणी मुसलमान घरांतल्या मुली आता हक्काने अभियांत्रिकीला जातात. आत येण्याचे दार बरेचसे उघडले आहे. आत आलेली टिकते कशी, याकडे मात्र कुणी बघत नाही.

त्या संध्याकाळी मी आईला काही कबूल केले नाही. रविवारी मुलीला पाठवून दे, एवढेच म्हटले. मुलगी आली. मी तिला विचारले, अगं, ऑफिसात त्रास आहे का? माझ्या डोक्यात वर्तमानपत्रात येतात तसले प्रकार होते. ती हसली. "नाही हो बाई, आमचे टीम लीडर फार चांगले आहेत. फारच चांगले आहेत."

मग तिने जे सांगितले ते थोडक्यात असे. महिन्यातून एकदा नवे काम गिऱ्हाइकाच्या यंत्रणेवर चढवायचे असते. त्याला ती रिलीज म्हणते. हे काम रात्री चालते, पहाटे दोनपर्यंतही जाते. काही बिघडले तर तिथल्या तिथे निस्तरावे लागते आणि खरे शिक्षण तिथेच होते. गिऱ्हाइकाशी बोलणे तिथे, वरिष्ठांच्या नजरेत भरणे तिथे. दर वेळी लीडरसाहेब म्हणतात, तू लांब राहतेस, तू नको थांबू, मुले करतील. त्यांनाही घरी बहीण आहे, असे ते म्हणतात. आणि वर्षअखेरीला गुणांकन झाले तेव्हा हिच्या कागदावर शेरा होता, की रिलीजचा अनुभव नाही. बरोबरीचा मुलगा वरच्या जागी गेला. तो हिच्याहून हुशार आहे का, असे मी विचारले, तर ती म्हणाली, "बरा आहे. तो डोंबिवलीला राहतो."

हे ऐकून मला १९९३ चा तो जून आठवला. तो भला गृहस्थ आणि मी, आम्ही दोघांनी एकाच घरातल्या दोन पिढ्यांना सारख्याच मायेने बाजूला सारले होते.

पण निव्वळ मनाची कोती वृत्ती म्हणून हे सोडून देता येत नाही, त्यामागे हिशेबही आहे. पुण्यात २००७ च्या नोव्हेंबरमध्ये रात्रपाळीला निघालेल्या कॉल सेंटरमधल्या एका तरुणीला, तिला न्यायला आलेल्या गाडीच्याच चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून मारले. ती कंपनीने ठरवलेली गाडी होती, ती त्या गाडीत विश्वासाने बसली होती. त्यानंतर नियम कडक झाले. रात्रीच्या गाडीत बाई पहिली बसणारी किंवा शेवटी उतरणारी एकटी नको, तशी वेळ आली तर सोबत सुरक्षारक्षक हवा. नियम अगदी योग्य आहेत. पण त्यांचा खर्च पाहा. पडघ्याची मुलगी नेहमीच शेवटी उतरणार. म्हणजे रोज तिच्यासाठी रक्षक, वर जादा किलोमीटर. कंपनीच्या हिशेबनीसाला ती मुलगी दिसत नाही, रक्षकाचे बिल दिसते. मग हद्द आखली जाते. हद्दीबाहेरच्या मुलीला एकतर जवळ खोली घ्या म्हणतात, नाहीतर मायेने घरी लवकर पाठवतात, नाहीतर पुढच्या खेपेला मुलाखतीत पत्ता वाचूनच ठरवतात.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीने कामावर ठेवता येते. मात्र तिची प्रतिष्ठा आणि सुरक्षितता सांभाळून, लैंगिक छळापासून तिला संरक्षण देऊन, आणि कामाच्या जागेपासून तिच्या घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था करून. दारापर्यंत हा शब्द कायद्यातला आहे, माझा नाही. कल्याण स्टेशनाबाहेरची रिक्षांची रांग म्हणजे कुणाचे दार, हे मला त्या कंपनीला विचारायचे होते. मुलीने हात जोडले. "बाई, माझं नाव नका येऊ देऊ." त्या भीतीला मी हसणार नाही. संमतीच्या कागदावर सही तिचीच आहे, आणि सही करताना हद्दीची अट तिने वाचली होती. वाचून केली, कारण नाही म्हटले असते तर पाळीच मिळाली नसती.

अन्यायाविरुद्ध तक्रारीची सोय कायद्याने केली आहे, नाही असे नाही. राजस्थानातल्या भंवरीदेवीच्या प्रकरणानंतर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात नियम घालून दिले, त्यांचा पुढे २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती हवी, तिच्यात निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, अध्यक्ष स्त्रीच हवी, बाहेरची एक व्यक्ती हवी. त्याहून लहान जागी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. घरात नोकरी करणारी मुलगी असेल तर तिला आज जेवताना विचारा, तुमच्या समितीतल्या बाईंचे नाव काय? बहुतेक जणींना ते सांगता येणार नाही, माझ्या विद्यार्थिनीच्या मुलीलाही आले नाही. पण हा कायदा छळासाठी आहे. मायेने डावलण्यावर कुठली समिती बसवणार?

मग मी दुसऱ्या बाजूने विचार करू लागले. डावलले गेलेल्यांनी आजवर काय केले? ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली नावाच्या बाईंनी १९६२ साली अवघ्या सहा पौंडांत सॉफ्टवेअरची कंपनी काढली. लग्न झाले, मूल झाले म्हणून नोकरीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमर बायकांना त्यांनी घरबसल्या काम दिले. पत्रांवर स्टेफनी अशी सही केली की उत्तर येत नसे, म्हणून त्या स्टीव्ह अशी सही करू लागल्या आणि कामे येऊ लागली! गिऱ्हाइकाचा फोन आला की मागे मुलांचा कालवा ऐकू जाऊ नये म्हणून त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावत. पहिल्या तीनशे माणसांत पुरुष तिघेच होते. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे काम या घरबशा बायकांनी केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शर्लीबाई वारल्या, तेव्हा त्यांचे हे सगळे पुन्हा छापून आले.

घरून काम, हे आपल्याकडे २०२० च्या महामारीने अचानक सगळ्यांना दिले. मग ते हळूहळू काढून घेतले गेले. २०२३ साली टी.सी.एस.सारख्या सहा लाख माणसांच्या कंपनीने आपल्या अहवालात नमूद केले, की एरवी पुरुषांपेक्षा कमी नोकऱ्या सोडणाऱ्या स्त्रिया या वेळी पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात सोडून गेल्या, आणि महामारीत घरून काम करताना घरची घडी बदलली हे त्यामागचे एक कारण असू शकेल. मला स्वतःला घरून काम हा रामबाण वाटत नाही. घरी बसलेली बाई मोकळीच आहे, असे घरातले सगळे धरून चालतात. संगणकासमोर बसली असली तरी कुकरची शिट्टी तिनेच मोजायची असते. आणि समोर नसलेल्या माणसाला बढतीच्या वेळी कोण आठवतो?

माझ्या मनात अधिक भरले ते जवळचे उदाहरण. ज्या ठाणे-वाशी मार्गावर ही मुलगी रोज प्रवास करते, त्याच्या दुसऱ्या टोकाला, वाशीत, भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संघटनेची वास्तू आहे. १९७३ साली मुंबईतल्या काही महिला वैज्ञानिकांनी ही संघटना काढली. कमलाबाईंचा तो सत्कार याच संघटनेचा. यांनी व्याख्याने, चर्चासत्रे केलीच, पण शास्त्रज्ञ बायकांनी एकत्र येऊन आपल्या वास्तूत काय थाटले? नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर. प्रयोगशाळेतली बाई संशोधन का सोडते, याचे उत्तर त्यांना अनुभवाने माहीत होते. बुद्धी, आवड वगैरे वाद त्यांनी इतरांवर सोडले आणि मूल दिवसभर कुठे राहील, परगावची मुलगी रात्री कुठे झोपेल, हे आधी सोडवले.

पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे करणारी दुरुस्ती कायद्यात झाली ती २०१७ साली.

तेव्हा मी वही घेतली. गावात रात्री दहानंतर कल्याणला उतरून घरी येणाऱ्या बायका किती, त्यांची नावे लिहू लागले. मला वाटले होते दोन-तीन निघतील. एक नर्स निघाली. ठाण्याच्या मॉलमध्ये काम करणाऱ्या दोघी बहिणी निघाल्या, कॉल सेंटरवाली एक. एका मुसलमान घरातली फार्मसी शिकलेली मुलगी, ती कल्याणच्या औषधाच्या दुकानात उशिरापर्यंत असते, तिचा भाऊ रोज न्यायला जातो आणि त्यापायी त्याची स्वतःची रात्रपाळी बुडते. आमच्याच गोदामांत काम करणाऱ्या बायकांनी तर मला वेडीतच काढले. हातात स्कॅनर घेऊन दिवसाला शेकडो खोकी मोजणाऱ्या, कंत्राटदाराकडून लागलेल्या या बायका. त्या म्हणाल्या, बाई, तुम्ही कल्याणचं काय घेऊन बसलात, आम्हाला हायवे ओलांडायला दिवा नाही. तंत्रज्ञानातल्या स्त्रिया म्हटले की आपल्याला ऐरोलीची काचेची इमारत दिसते. ऐरोलीतल्या मुलीने लिहिलेल्या आज्ञेवरून खोके कुठल्या फळीवर जायचे ते ठरत असेल, पण ते उचलून ठेवणारी बाई पडघ्याच्या गोदामात उभी असते. २०१३ चा कायदा कंत्राटी बाईलाही लागू आहे, हे त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते. त्यांची वेगळी यादी केली आहे, दिव्याचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.

कल्याणच्या यादीत नऊ नावे झाली. एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर गावात आहेत. त्यांच्या मुलाची इको गाडी दिवसा शाळेची मुले नेते, रात्री उभी असते. त्यांना विचारले. म्हणाले, चालवीन, पण एकटा नाही, उद्या कोणी काही बोलले तर माझी चाळीस वर्षांची अब्रू जाईल. शेवटी उतरणारी कोण, हाच प्रश्न इथेही आला. तो आपोआप सुटला. यादीतली नर्स त्यांचीच सून निघाली आणि त्यांचे घर सगळ्यांत टोकाला. ऑगस्टच्या पंधरवड्यापासून रात्री सव्वाअकराला ती गाडी स्टेशनाबाहेर उभी असते. महिन्याचे पैसे प्रत्येकी काढून देतात. नऊ जणींत सात जणी दारापर्यंत जातात, उरलेल्या दोघींच्या वाडीत गाडी वळत नाही, तिथे घरचे बॅटरी घेऊन येतात. हे पैसे वास्तविक त्या त्या मालकांनी द्यायला हवेत, आणि आम्ही देतो म्हणून त्यांची जबाबदारी संपली, असे होता कामा नये. नऊ जणींच्या वतीने, कुणाचेही नाव न घालता, सगळ्या मालकांना एकच पत्र गेले आहे. कायद्याचे कलम त्यात लिहिले आहे. एका मालकाने अर्धे पैसे देण्याचे कबूल केले. ऐरोलीच्या कंपनीकडून, विचाराधीन आहे, असे उत्तर आले.

आईला मी सांगितले, की मी तिला नोकरी सोडायला सांगणार नाही. आणि १९९३ ची गोष्टही काढली, जी इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी कधी काढली नव्हती. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाई, तुम्ही नाही म्हटलं नसतं तरी वडिलांनी पाठवलंच असतं असं काही नाही." माझ्या समाधानासाठी म्हणाली की खरेच म्हणाली, कोण जाणे.

एका स्थळाकडून निरोप आला होता, की मुलगी पसंत आहे, पण रात्रीची पाळी नको. घरात त्यावर दोन दिवस बोलणे झाले. मुलीच्या वडिलांनी, मनगट अजून प्लास्टरमध्ये असताना, पाळीचे नंतर बघू, आधी मुलगा भेटू दे, असे कळवले. पुढे तिकडून काही आले नाही.

मुलीने लीडरसाहेबांना लेखी मेल पाठवून पुढच्या रिलीजमध्ये आपले नाव घालायला सांगितले. त्यांनी पुन्हा लांब राहण्याचे काढले. घरी जाण्याची सोय माझी मी केली आहे, असे हिने लिहिले. नाव लागले. अडचण एवढीच, की रिलीज पहाटे दोनला संपते आणि गाडी सव्वाअकराची आहे. त्या रात्री ती ऐरोलीतच मैत्रिणीच्या खोलीवर राहणार आणि सकाळच्या गाडीने येणार, असे ठरले. परवा आईचा फोन आला होता. आवाजात काळजी होती, ती जायची नाही. विचारत होती, "बाई, डबा दोन वेळचा द्यावा लागेल का हो?"

मी म्हटले, दे. आणि मैत्रिणीचाही दे.